१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या मूळ आहे का, आणि तिचे विभाजक किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाच्याच्या सरावाच्या कागदावर १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या दिली आहे आणि ती मूळ आहे का, पूर्ण वर्ग आहे का, तिचे एकूण विभाजक किती, असं विचारलं आहे. तुम्ही ती एक्सेलमध्ये टाकली तर शेवटी ३०० आलं, ब्राउझरमध्ये गणित केलं तर ३२० आलं, आणि आता मुळात संख्या सम की विषम इथूनच घोळ सुरू झाला आहे. शेवटी, कुठल्याही मोठ्या संख्येला एकच पद्धत चालेल का, असंही तुम्ही विचारलं आहे.

उत्तर आधी देतो. संख्या विषम आहे, मूळ नाही, पूर्ण वर्ग आहे आणि तिला ४५ विभाजक आहेत. पण नुसतं एवढं सांगून भागणार नाही, कारण खरी अडचण वेगळीच आहे. सतरा अंकी संख्या समोर आली की आपला हात थेट यंत्राकडे जातो आणि ती संख्या तयार कशी झाली हे पाहायचं राहून जातं. मी अनेक वर्षं गणित ऑलिंपियाडच्या तयारीच्या मुलांना संख्या सिद्धांत शिकवतो. अशी संख्या फळ्यावर लिहिली की पहिली काही मिनिटं कोणालाही भागाकार करू देत नाही. फक्त बघायला सांगतो.

आधी यंत्राचं निस्तरू. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच सांभाळतं आणि पुढच्या जागी शून्य भरतं, म्हणून तुमच्या १७ अंकांतले शेवटचे दोन गेले आणि ३०० दिसलं. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टचं गणित थोडं निराळं आहे. तिथे २ च्या ५३ व्या घातापर्यंत, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत, प्रत्येक पूर्णांक नेमका साठवता येतो. त्याच्या पुढे २ च्या ५४ व्या घातापर्यंत फक्त सम संख्याच बसतात. तुमची संख्या नेमकी या पट्ट्यात येते आणि ती विषम आहे, तेव्हा तिला जागाच नाही. यंत्राने शेजारची ३२० वर संपणारी संख्या घेतली आणि पुढचं सगळं गणित तिच्यावर केलं. त्या दोन्ही ठिकाणी मिळालेली बाकी, भागाकार, वर्गमूळ हे सगळं दुसऱ्याच संख्येचं होतं. पडताळा घ्यायचाच असेल तर पायथॉन वापरा, तिथे पूर्णांक कितीही अंकी असला तरी नेमका राहतो. मात्र भागाकारासाठी दोन तिरप्या रेघांचं चिन्ह आणि वर्गमूळासाठी पूर्णांकी वर्गमूळाचं फंक्शन वापरा. साध्या एका रेघेचा भागाकार पुन्हा दशांशात जातो आणि तीच चूक परत होते.

दुसरी खबरदारी: संख्या नीट उतरवली आहे ना, ते पाहा. १ पासून ९ पर्यंत चढून परत १ पर्यंत उतरलं की १७ अंक होतात. कागदावर मध्ये चुकून १० आला असेल, म्हणजे १२३४५६७८९१०९८७६५४३२१ अशी वीस अंकी संख्या असेल, तर उत्तर पार बदलतं. ती वीस अंकी संख्या मूळ आहे! दिसायला दोघी सख्ख्या बहिणी, पण एकीला ४५ विभाजक आणि दुसरीला फक्त दोन.

आता बघू या ही संख्या बनली कशी. नऊ वेळा १ लिहा: १११११११११. या संख्येला तिनेच गुणा, अगदी शाळेतल्या उभ्या पद्धतीने. खाली नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच १ आहे, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असं करत मधल्या स्तंभात नऊ, आणि तिथून परत आठ, सात, सहा असं कमी होत जातं. कुठल्याही स्तंभाची बेरीज ९ च्या वर जात नाही, म्हणून हातचा कुठेच येत नाही आणि बेरजा जशाच्या तशा अंक म्हणून खाली उतरतात: १२३४५६७८९८७६५४३२१. पूर्ण वर्ग आहे का, या प्रश्नाचं उत्तर इथेच संपलं. दहा एक घेतले तर मधल्या स्तंभात १० येतात, हातचा निघतो आणि साखळी तुटते: तो वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो.

१, १२१, १२३२१ अशा या संख्यांवर आपल्याच माणसाने मनापासून काम केलं आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा, डहाणूचा. आयुष्यभर देवळालीच्या शाळेत शिक्षक. ६१७४ या संख्येमुळे त्यांचं नाव जगभर पोचलं, पण या वर्गांचा ज्यात समावेश होतो त्या ‘डेम्लो संख्या’ही त्यांच्याच, आणि ते नाव त्यांनी आजच्या डोंबिवलीच्या स्टेशनावरून दिलं. हे मी मुलांना आवर्जून सांगतो. मोठ्या विद्यापीठाची खुर्ची नसताना, केवळ कागद आणि चिकाटी यांच्या जोरावर संख्यांकडे किती बारकाईने पाहता येतं, याचं इतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही.

पुढे लिहायला सोपं जावं म्हणून १११११११११ ला ‘क’ म्हणू. तुमची संख्या म्हणजे क × क. आता १७ अंकी संख्येचे अवयव पाडायची गरजच उरली नाही, ९ अंकी क चे पाडले की झालं. क मध्ये नऊ एक आहेत आणि नऊ म्हणजे तीन-तीनचे तीन गट. त्यामुळे १११ बाहेर काढता येतो: क = १११ × १००१००१. यातला १११ = ३ × ३७. आणि १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, तेव्हा ३ ने भाग जातो आणि ३३३६६७ मिळतो. म्हणजे क = ३ × ३ × ३७ × ३३३६६७.

आता ३३३६६७ मूळ आहे का? इथे परिस्थितीप्रमाणे सल्ला बदलतो. प्रश्न पर्यायांचा असेल आणि हातात एखादंच मिनिट असेल, तर तो मूळ धरून पुढे जा, वेळ घालवू नका. पण लेखी उत्तर द्यायचं असेल तर हे सिद्ध करावं लागतं, आणि हा भाग माझ्या फार आवडीचा आहे, म्हणून जरा थांबतो.

सरळ रस्ता असा की ३३३६६७ च्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ५७७ पर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. अशा १०६ मूळ संख्या आहेत. पण ३३३६६७ काही वाटेवर सापडलेला आकडा नाही. तो १००१००१ मधून आला आहे आणि १००१००१ हा १० च्या नवव्या घातातून १ वजा केलेल्या संख्येचा, म्हणजे ९९९९९९९९९ चा विभाजक आहे. समजा ‘प’ ही मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती ९९९९९९९९९ लाही भागणार, म्हणजे १० च्या नवव्या घाताला प ने भागलं की बाकी १ उरणार. १० चे घात पहिल्यांदा बाकी १ कधी देतात? तो घातांक ९ चा विभाजक असायला हवा: १, ३ किंवा ९. घातांक १ असेल तर प म्हणजे ३. घातांक ३ असेल तर प हा ९९९ चा विभाजक, म्हणजे ३ किंवा ३७. घातांक ९ असेल, तर फर्माच्या छोट्या प्रमेयाप्रमाणे (१० चा प वजा १ वा घात प ने भागला की बाकी १ राहते) ९ ने प वजा १ ला भाग जायलाच हवा. प विषम आहे, तेव्हा प वजा १ सम, म्हणून १८ नेही भाग जायला हवा.

३ आणि ३७ लगेच बाद होतात. अंकांची बेरीज २८, म्हणून ३ नाही. ३७ × ९०१८ = ३३३६६६, बाकी १, म्हणून ३७ नाही. उरल्या फक्त त्या मूळ संख्या, ज्यांना १८ ने भागल्यावर बाकी १ राहते: १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. मोजा, सोळा आहेत. १०६ भागाकारांचं काम सोळावर आलं. १६३ फार जवळ येतो, १६३ × २०४७ = ३३३६६१, पण बाकी ६ राहते. १९ ची बाकी ८. बाकीचे भागाकार भाच्याला स्वतः करू द्या, एकही पूर्ण जात नाही. म्हणजे ३३३६६७ मूळ आहे.

आतापर्यंतचं जमा करू: तुमची संख्या = ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग. विभाजकांची संख्या काढताना प्रत्येक घातांकात १ मिळवायचा आणि गुणाकार करायचा: ५ × ३ × ३ = ४५. ४५ विषम आला हाही एक पडताळा आहे, कारण विभाजकांची संख्या विषम येते ती फक्त पूर्ण वर्गांचीच. (विभाजक जोड्याजोड्यांनी येतात, फक्त वर्गमूळ स्वतःचाच जोडीदार असतो.) सरावात पुढचा प्रश्न विभाजकांच्या बेरजेचा असू शकतो. ती १८९५४२७९५९२८२७५७९ येते. त्यातून मूळची संख्या वजा केली तर ६६०८६००६०५१७३२५८ उरतात, म्हणजे स्वतःपेक्षा बरेच कमी. तेव्हा परिपूर्ण संख्या (स्वतःखेरीज बाकी विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच असलेली) वगैरे असण्याचा प्रश्नच येत नाही.

एका सापळ्याबद्दल सावध करतो, कारण हुशार मुलंही त्यात अडकतात. या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे आणि संख्येला ८१ ने भागही जातो. झालं, मुलं लिहून मोकळी होतात की ‘अंकांची बेरीज ८१, म्हणून ८१ ने भाग जातो’. निष्कर्ष बरोबर, कारण चूक. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच आहे. १८९९ पाहा: बेरीज २७, पण २७ ने भागलं तर बाकी ९ राहते. आपल्या संख्येला ८१ ने भाग जातो तो तिच्यात ३ चा चौथा घात आहे म्हणून. अवयव न पाडता दाखवायचं असेल तर उजवीकडून नऊ अंकांचा गट करा: १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. यांची बेरीज बरोबर ९९९९९९९९९ येते, म्हणून संख्येला ९९९९९९९९९ ने भाग जातो. नवाच्या कसोटीत एकेक अंक मिळवतो, इथे नऊ-नऊ अंकांचे गट मिळवले, तर्क तोच. आणि ९९९९९९९९९ = ९ × क, क ला पुन्हा ९ ने भाग जातो, म्हणून ८१. क ला ९ ने भागलं तर उत्तर येतं १२३४५६७९, यात ८ नाही, लिहिताना घालू नका. हीच संख्या १ भागिले ८१ च्या दशांश विस्तारात परत परत येते: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९ असं पुढे.

दशांशाचा विषय निघालाच आहे तर या संख्येतली मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट सांगतो. कागदावर ती विचारलेली नसेल, तरी भाच्याला दाखवाच. १ भागिले ७ केलं की १४२८५७ हे सहा अंक परत परत येतात. तसं १ भागिले १२३४५६७८९८७६५४३२१ केलं तर किती अंकांनी आवर्तन होईल?

संख्या २ किंवा ५ च्या पटीत नाही, म्हणून आवर्तनाची लांबी म्हणजे १० चा तो सर्वांत लहान घातांक, ज्याची या संख्येने भागल्यावर बाकी १ राहते. ती संख्या क × क आहे. आधी फक्त क ने भागून बघा. १० चे आठव्या घातापर्यंतचे सगळे घात क पेक्षा लहान, तेव्हा बाकी १ नाही. नववा घात म्हणजे १००००००००० = ९ × क + १, बाकी १. म्हणून आपला घातांक ९ च्या पटीत असणार, समजा ९ × म. आता (१ + ९क) चा म वा घात उलगडा. पहिलं पद १, दुसरं ९ × म × क, आणि पुढच्या प्रत्येक पदात क चा वर्ग किंवा त्याहून मोठा घात आहे, म्हणजे क × क ने भागताना ती सगळी पदं निघून जातात. उरतं १ + ९ × म × क. याची बाकी १ राहायची तर ९ × म ला क ने भाग जायला हवा. पण क = ९ × १२३४५६७९, तेव्हा सर्वांत लहान म = १२३४५६७९. मग आवर्तनाची लांबी ९ × १२३४५६७९ = १११११११११.

म्हणजे क च्या वर्गाने १ ला भागलं तर बरोबर क इतक्या अंकांनंतर तेच अंक पुन्हा सुरू होतात. अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा अंक. एका पानावर तीन हजार अंक छापले तरी सदतीस हजारांवर पानं लागतील, आणि आपण ते उत्तर चार ओळींत काढलं. हे प्रत्येक संख्येच्या वर्गाला लागू पडत नाही, हे मात्र मुलांच्या मनावर ठसवा. इथे जमलं कारण १० चा नववा घात क च्या पटीपेक्षा बरोबर एकाने जास्त आहे आणि क ला ९ ने भाग जातो.

भूमितीची आवड असेल तर आणखी एक. ३७ चा वर्ग १३६९ आणि तो १२ व ३५ यांच्या वर्गांची बेरीज आहे: १४४ + १२२५. क = ३७ × ३००३००३, तेव्हा १२ आणि ३५ दोघांना ३००३००३ ने गुणा. ज्याचा कर्ण १११११११११ आहे असा काटकोन त्रिकोण मिळतो, बाजू ३६०३६०३६ आणि १०५१०५१०५. पूर्णांकी बाजूंचा असा दुसरा त्रिकोण नाही, कारण क च्या मूळ अवयवांत ४ ने भागल्यावर बाकी १ ठेवणारा ३७ एकटाच आहे, तोही एकदाच. ३ आणि ३३३६६७ दोघांची बाकी ३.

आता तुमच्या प्रश्नातला शेवटचा भाग, की ‘कुठल्याही मोठ्या संख्येला हीच पद्धत चालेल का’. नाही. ही संख्या रचनेतून आली, म्हणून उलगडली. कोणी यदृच्छेने सतरा अंक लिहून दिले तर कागदावर लहान मूळ संख्यांनी भागून पाहावं आणि उरलेलं संगणकावर सोडावं, तिथे १७ अंक म्हणजे किरकोळ काम आहे. पण अंक वाढत गेले की संगणकही थकतो. मुद्दाम दोन मोठ्या मूळ संख्या गुणून तयार केलेल्या, आव्हान म्हणून जाहीर झालेल्या एका २५० अंकी संख्येचे अवयव २०२० मध्ये पाडले गेले, तेही असंख्य संगणक जुंपून. बँकेचे ऑनलाइन व्यवहार ज्या कुलपांवर चालतात त्यांपैकी काही अशाच, पण सहाशेहून जास्त अंकांच्या संख्यांवर उभी आहेत.

एकांच्या रांगेबद्दलही सरसकट नियम करू नका. एकांची संख्या संयुक्त असेल, जशी आपली नऊ, तर ती रांग संयुक्तच निघते, कारण तिचे सारखे गट पाडता येतात. उलटं खरं नाही. पाच एक म्हणजे ४१ × २७१, सात एक म्हणजे २३९ × ४६४९. दोन, एकोणीस आणि तेवीस एकांच्या रांगा मात्र मूळ आहेत.

भाच्याला सरावाला १२३४५६५४३२१ द्या. हा सहा एकांचा वर्ग. संख्या खूप लहान आहे, पण विभाजक ४५ पेक्षा कितीतरी जास्त, २४३ यायला हवेत. कमी आले तर १११११ नव्हे, १११११११ नव्हे, बरोबर सहा एक घेतले आहेत ना ते आधी पाहा, आणि मग १११ × १००१ असं फोडून १००१ चे अवयव नीट पाडले का ते तपासा. ७, ११ आणि १३ तिन्ही तिथेच आहेत.